उवांचा बंदोबस्त

कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात मानाध्यक्ष या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना लांबीच्या मापांची जी चढती श्रेणी दिली आहे, तिच्यात परमाणूपासून अंगुळापर्यंत जाताना मधल्या पायऱ्यांवर दोन फार परिचित जीव आपल्याला भेटतात. आठ परमाणू मिळून रथाच्या चाकाने उडवलेल्या धुळीचा एक कण होतो, अशा आठ कणांची एक लिक्षा, आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यव आणि आठ यवांचे एक अंगुळ. म्हणजे ज्या राज्याची शेते, कालवे, राजमार्ग आणि दुर्गांचे तट दंडांनी व रज्जूंनी मोजले जात, त्या राज्याच्या सगळ्या मोजणीच्या तळाशी लीख आणि ऊ या दोघी मुकाट्याने सरकारी चाकरी बजावीत होत्या. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही, सोन्यारुप्याच्या तोलाचा हिशेब सांगताना, आठ त्रसरेणूंची एक लिक्षा आणि तीन लिक्षांची एक काळी मोहरी असा दाखला आहे. माप असे निवडावे लागते की जे प्रजेपैकी कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागू नये, आणि त्या कसोटीला उवेइतका सर्वपरिचित जीव दुसरा कोणता उतरणार! एवढे मात्र खरे की, अंगुळ पाऊण इंचाचे धरून उलट हिशेब केला, तर कौटिल्याच्या दफ्तरातली ऊ मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही भरत नाही, आणि माणसाच्या डोक्यातली पूर्ण वाढलेली ऊ तर चांगली दोन ते तीन मिलिमीटर लांब असते. सरकारी कागदावर चढलेली वस्तू प्रत्यक्षाहून कृश होते, हा अनुभव तेव्हापासूनचा दिसतो.

अर्थशास्त्रात उवेला हुद्दा मिळाला, तर वैद्यकात तिची रीतसर कैफियत नोंदली गेली. चरकसंहितेच्या विमानस्थानात, सातव्या अध्यायात, कृमींचे प्रकार सांगताना शरीराच्या बाहेर राहणाऱ्या मलज कृमींचे जे वर्णन आहे ते इतके नेमके आहे, की ते लिहिणाऱ्याने ग्रंथ पाहून नव्हे तर डोके पाहून लिहिले असावे याविषयी शंका राहत नाही. केस, दाढीमिशा, अंगावरची लव, पापण्या आणि वस्त्रे ही त्यांची स्थाने. आकार तिळासारखा, देह सूक्ष्म, पाय पुष्कळ, रंग काळा किंवा पांढरा. परिणाम म्हणजे कंड, गांधी आणि पुटकुळ्या. कारण म्हणजे स्वच्छतेची हेळसांड. आणि उपाय? त्यात एकही दुर्मिळ वनस्पती नाही, एकही भस्म नाही. कृमी ओढून बाहेर काढावेत, मळाचा नाश करावा आणि मळ वाढवणाऱ्या गोष्टी टाळाव्यात, एवढ्यावर चरकाने हा विषय संपवला आहे. ज्या ग्रंथात साध्या ज्वरासाठी पानेच्या पाने काढे आणि घृते सांगितली आहेत, त्यात उवांच्या वाट्याला एवढे मितभाषी विधान यावे, ही माझ्या मते विस्मृती नव्हे, विवेक आहे. कारण हात पोहोचतो तेथे औषधाचे काम नसते, हे त्या वैद्याने ओळखले होते.

कारणाच्या बाबतीत मात्र चरकाचे म्हणणे अर्धे खरे ठरले. कपड्यांच्या शिवणीत राहणारी ऊ आणि डोक्यातली ऊ यांचा त्याने एकत्र विचार केला आहे, आणि या दोघी दिसायला बहिणी असल्या तरी त्यांच्या वागणुकीत मोठा फरक आहे. अंगावरची ऊ खरोखरच न बदललेल्या, न धुतलेल्या कपड्यांवर वाढते आणि प्रलापक ज्वराचा, म्हणजे टायफसचा, प्रसार तिच्यामुळे होतो. हे शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञाने ट्यूनिस येथे १९०९ साली सिद्ध केले आणि त्याबद्दल त्याला १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डोक्यातली ऊ असा कोणताही ज्वर पसरवीत नाही, आणि केस स्वच्छ आहेत की मळके याची तिला फिकीरही नसते. तिला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. एक डोके दुसऱ्या डोक्याला टेकले म्हणजे एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जाणे, एवढाच तिचा प्रवास. मुले खेळताना, निजताना, एकाच पुस्तकात तोंड खुपसून बसताना डोक्याला डोके लावतात, म्हणून ती मुलांत अधिक आढळते. तरीही ‘उवा झाल्या’ म्हणजे घर घाणेरडे, हा जो समज आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या मुरला आणि ज्यापायी कित्येक मुलींना शाळेत शेवटच्या बाकावर एकटे बसावे लागले, त्याची पाळेमुळे फार जुनी आहेत.

उवेने राजदरबार गाठल्याची आणखी एक कथा गुजरातेतली आहे. बाराव्या शतकात अणहिलवाड पाटण येथे राज्य करणाऱ्या चौलुक्य कुमारपालाने हेमचंद्राचार्यांच्या उपदेशाने जीवहत्येवर कडक निर्बंध घातले. त्या अमदानीत, एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या बायकोने त्याचे केस साफ करताना सापडलेली ऊ त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याने ती चिरडून मारली, असे मेरुतुंगाने चौदाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या प्रबंधचिंतामणीत सांगितले आहे. जवळच असलेल्या राजपुरुषाने हा गुन्हा पाहिला, व्यापाऱ्याला राजापुढे उभे केले, त्याची सारी मालमत्ता जप्त झाली आणि त्या द्रव्यातून जे मंदिर बांधण्यात आले त्याला यूकाविहार हे नाव पडले. कथेतला ऐतिहासिक अंश किती, हे इतिहासकारांनी ठरवावे. मला तीत मौज वाटते ती शिक्षेची नव्हे, तर त्या आधीच्या क्षणाची : कोट्यधीश सावकार झाला तरी दुपारच्या वेळी त्याचे डोके बायकोच्या हाताखालीच होते.

हाताच्या जोडीला जे एकमेव हत्यार माणसाने घडवले ते फणी, आणि त्या हत्याराचे वय पाहिले म्हणजे उवांशी चाललेला हा दावा किती जुना आहे हे कळते. प्राचीन कनान देशातील लाखीश येथे, आजच्या इस्राएलमध्ये, उत्खननात सापडलेली सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीची हस्तिदंती फणी इसवी सनापूर्वी १७०० च्या सुमाराची मानली जाते. तिच्या एका बाजूला गुंता सोडवण्यासाठी ६ जाड दात आणि दुसऱ्या बाजूला उवा-लिखा ओढण्यासाठी १४ बारीक दात होते. शिवाय तिच्यावर कनानी लिपीत १७ अक्षरे कोरलेली आहेत, ती २०२२ साली वाचून प्रसिद्ध झाली. वर्णमालेच्या इतिहासात अखंड वाक्य म्हणून ज्यांचे मोल मोठे, त्या अक्षरांत ना राजाची स्तुती आहे ना देवाची. या दंताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा नाहीशा व्हाव्यात, एवढीच इच्छा आहे. तिच्या दातांत उवेच्या पिलाचे अवशेषही मिळाले. सिंधू संस्कृतीच्या नगरांतही हस्तिदंती फण्या सापडल्या आहेत. एका बाजूने विरळ आणि दुसऱ्या बाजूने घट्ट दातांची ही दुतर्फी घडण आपल्याकडे थेट आजीच्या फणेरपेटीपर्यंत जशीच्या तशी चालत आली. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांत तिच्यात सुधारणा करण्याची कोणाला गरज वाटली नाही.

ही फणेरपेटी, म्हणजे आतल्या झाकणाला आरसा जडवलेली, खणाखणांत कुंकवाचा करंडा, मेणाची डबी आणि फणी ठेवलेली लहानशी लाकडी पेटी, महाराष्ट्रातील सुवासिनीची खाजगी मिळकत असे. तिच्यातली फणी शिसवाची किंवा म्हशीच्या शिंगाची. लाकडाच्या फणीचे दात करवतीने कापताना लाकडाचे तंतू आडवे गेले तर दात टिकत नाही, आणि शिंग तापवून, दाबून, सपाट करून त्यावर दात पाडावे लागतात. दोन्ही कामांना सराईत हात हवा. या फण्या गावोगाव पोहोचवण्याचे काम दुकानांनी फारसे केले नाही. सुया, दाभण, काळी पोत, बिब्बे आणि फण्या टोपलीत घालून दारोदार हिंडणाऱ्या भटक्या जमातींच्या बायका ते करीत, आणि कित्येकदा पैशांऐवजी घरातल्या बायकांनी विंचरताना गळालेल्या केसांचे गुंडाळून जपून ठेवलेले बुचके घेऊन त्या सौदा पुरा करीत. विसाव्या शतकाच्या आरंभी सेल्युलॉइडच्या परदेशी फण्या बाजारात आल्या आणि हा जुना व्यवहार डळमळू लागला. स्वदेशीच्या चळवळीत बंगालमधील जेसोर येथे फण्यांचा कारखाना निघाला, त्याचे संस्थापक मन्मथनाथ घोष हे काम जपानात जाऊन शिकून आले होते. गुंड्या आणि फण्या यांसारख्या क्षुद्र वस्तूंसाठी एका तरुणाने समुद्र ओलांडावा, हा त्या काळाचा उत्साह होता. पुढे प्लास्टिक आले आणि फणी दोन आण्यांना मिळू लागली. परंतु साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या दातांमधली फट लिखेहून रुंद राहते आणि दाब पडताच दात फाकतात. म्हणून रंगीत कंगवा वेणीपुरता आणि जुनी फणी उवांपुरती, अशी वाटणी अनेक घरांत दीर्घकाळ राहिली.

फणी ज्या दरबारात चाले तो दरबार दुपारचा. जेवणे उरकली, भांडी घासून पालथी पडली, पुरुषमाणसे माडीवर किंवा ओसरीच्या झोपाळ्यावर डुलकीला गेली, की माजघराच्या दाराशी किंवा परसात उन्हाची तिरीप येईल अशा जागी बायका बसत. पुढे नात, तिच्यामागे आई, आईच्या मागे आत्या किंवा शेजारीण, अशी एकामागे एक रांग लागे आणि प्रत्येकीचे हात पुढच्या डोक्यात चालत. मुलीच्या केसांना आदल्या रात्री खोबरेल तेल चोपडलेले असे. खाली पांढरे धुवट फडके अंथरायचे, मान खाली घालायला लावायची, मानेपासून टाळूकडे आणि कानामागून वर अशी फणी ओढायची, प्रत्येक ओढीगणिक ती फडक्यावर झटकायची, आणि पळू पाहणारी ऊ दोन अंगठ्यांच्या नखांत धरून चिरडायची. त्या बारीक आवाजाने मुलीला एकाच वेळी किळस आणि समाधान वाटे. लिखा मात्र झटकून निघत नाहीत. मादी ऊ केसाच्या मुळाजवळ एकेक अंडे अशा चिवट द्रव्याने चिकटवते की ते नखांच्या चिमटीत धरून केसाच्या टोकापर्यंत ओढावे लागते. एका बैठकीत काम संपत नसे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा बैठक, पुन्हा फडके. या पुनरावृत्तीत किती शास्त्र होते ते पुढे येईलच.

त्या रांगेत नुसत्या उवा निघत नसत. कोणाच्या सासूने काय म्हटले, कोणाचे लग्न मोडले, गावात पटकीची साथ कोठवर आली, हे सारे वृत्त तेथेच प्रसृत होई, आणि पुढच्या डोक्याचे तोंड मागच्या डोक्याला दिसत नसल्यामुळे एरवी समोरासमोर न निघणाऱ्या गोष्टीही सहज निघत. मुलगे या व्यवस्थेतून बहुधा सुटलेले असत. जावळ काढल्यापासून न्हाव्याचा वस्तरा त्यांच्या डोक्यावर नेमाने फिरे आणि शेंडी व घेरा सोडला तर उवेला राहायला जागाच उरत नसे. इंग्रजी वळणाचे केस राखण्याची चाल आली तेव्हा शाळकरी पोरांच्या डोक्यांवरही हा विंचरण्याचा अंमल बसला. आणि त्याच घरात लाल आलवण नेसलेली, केशवपन झालेली एखादी आत्याबाई असे, जिच्या डोक्याला उवांचा उपद्रव होण्याचे कारणच समाजाने शिल्लक ठेवलेले नव्हते. तिचे सोवळे सुटले की भाचीचे डोके मांडीवर घेऊन तीही बसे. या चित्राकडे केवळ रम्य म्हणून पाहणे मला जमत नाही.

केसांत हात घालणे हे मायेचे परमोच्च रूप, ही समजूत संतवाङ्मयातही उमटली आहे. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईच्या नावावर जे अभंग आहेत, त्यांत पंढरीचा विठ्ठल दळायला बसतो, शेण्या वेचतो, आणि तुळशीच्या बनात वेणी उकलून बसलेल्या जनीच्या डोक्याला आपल्या हाताने लोणी चोळून तिला न्हाऊही घालतो. आई नसलेल्या दासीच्या डोक्याकडे पाहायला कोणी नाही, म्हणून देवाने ते काम पत्करले. भक्तिमार्गातल्या कितीएक थोर कल्पनांपेक्षा ही मला अधिक धाडसी वाटते.

विंचरण्याभोवती विधिनिषेधही पुष्कळ होते. दिवेलागणीनंतर केस विंचरू नयेत, विंचरलेले केस घरात उडू देऊ नयेत, अमक्या वारी न्हाऊ नये. यांतले वारांचे नियम घराघरांनी बदलत, पण दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात ऊ दिसत नाही आणि केस अन्नात जातो, एवढे व्यावहारिक कारण पहिल्या दोहोंना पुरेसे होते. न्हाण्याला शिकेकाई आणि रिठा. त्यांनी तेलाचा मेणचटपणा निघे, केस सुटे होत, फणी चांगली चाले. उवा त्यांनी मरत नसत, आणि जुन्या बायका तसा दावाही करीत नसत.

दावा करणारी औषधे वेगळी होती, आणि येथे माझ्या विषयातला अप्रिय भाग सुरू होतो. चरकाचा संयम पुढच्या वैद्यांनी पाळला नाही. अकराव्या शतकातील चक्रदत्तात, धोत्र्याच्या किंवा विड्याच्या पानांच्या रसात पारा खलून त्याचा लेप यूकानाशक म्हणून सांगितला आहे. वावडिंग, गंधक आणि मनशीळ गोमूत्रासह शिजवून केलेले तेलही आहे. मनशीळ म्हणजे सोमलाचेच एक खनिज. पारा व सोमल त्वचेतून शरीरात जातात आणि साचतात हे आज वैद्यकाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. ग्रंथात सापडले एवढ्यावर एखादा योग लेकराच्या टाळूवर चोळण्याइतका निर्धोक ठरत नाही.

परंतु ग्रंथांतले योग सामान्य घरापर्यंत क्वचितच पोहोचत. पोहोचले ते सीताफळ. हे झाड अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आले असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात, आणि दौलताबादच्या टेकड्यांपासून पुरंदरच्या उतारांपर्यंत ते असे रुजले की त्याच्या परदेशी जन्माचा दाखला मागणेही अप्रशस्त वाटावे. एकोणिसाव्या शतकातील औषधिग्रंथांत त्याचे कच्चे फळ आणि बिया वाळवून, कुटून, हरभऱ्याच्या पिठात मिसळून कीटक मारण्यासाठी वापरल्याची नोंद आहे. आपल्या घरांत बियांची पूड खोबरेल तेलात कालवून रात्री मुलीच्या डोक्याला थापायची आणि वर फडके बांधून निजवायचे, ही वहिवाट पडली. उवा मरत, यात संशय नाही. बियांतली द्रव्ये कीटकांना खरोखरच घातक आहेत. पण झोपेत फडके सरकते, पूड कपाळावरून ओघळते, मूल अर्धवट जागे होऊन डोळे चोळते, आणि त्या पुडीने डोळ्याच्या बुबुळावरचा पडदा जळल्यासारखा सोलवटतो. नेत्ररोगतज्ज्ञांकडे अशी मुले आणि बायका आजही येतात. वेळीच उपचार झाले तर बहुतेकांची दृष्टी परतते, पण ती वेदना ज्याने पाहिली आहे त्याला ‘घरचाच उपाय आहे, करून पाहायला काय हरकत’ हे वाक्य पुन्हा सहजी उच्चारवणार नाही.

काकमारीच्या बिया याहून भयंकर. ज्या बियांच्या पुडीने ओढ्यातले मासे गुंगून वर येतात, तीच उवांसाठी वापरण्यात येई, आणि तिच्यातल्या विषाचा मलम खुद्द विलायती औषधिसूचीतही होता. टाळूवर जखम असेल तर ते विष रक्तात जाऊन मुलाला आकडी येते. तंबाखूच्या पाण्याचीही तीच गत. कापूर खोबरेलात विरघळवून लावण्याची चाल तर अजून सर्रास आहे, कारण तो देवापुढे जळतो आणि त्याचा वास पवित्र वाटतो. पण लहान मुलाच्या पोटात त्याचा अल्पसा अंश गेला तरी झटके येऊ शकतात, हे देव्हाऱ्यातल्या वस्तूवर कोणी लिहून ठेवत नाही. घासलेट घराघरांत आले तेव्हापासून तेही डोक्यावर चढले. टाळू भाजून निघणे हा त्याचा नित्याचा परिणाम. आणि तशा डोक्याने मुलगी चुलीपाशी गेली तर काय होईल, हे सांगायला नको.

वेखंड, करंजाचे तेल, कडुनिंबाचा पाला ही मवाळ मंडळी. यांच्यापैकी करंज आणि निंब यांत कीटकांना त्रासदायक द्रव्ये आहेत, पण घाण्यागणिक आणि झाडागणिक त्यांचे प्रमाण बदलते, म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि निंबाचे तेल तान्ह्या मुलाच्या पोटात गेले तर गंभीर विषबाधा होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. यांच्या नावावर जमा झालेल्या यशाचा मोठा हिस्सा, माझ्या मते, तेल लावल्यानंतर चालवलेल्या फणीचा आहे. तेलाने ऊ सुस्त होते, तिचे पळणे थांबते, दात केसांवरून सहज घसरतात; श्रेय मात्र बाटलीला मिळते, कारण बाटली आठवते आणि दोन तास वाकलेली पाठ आठवत नाही.

सरकारी विषाचा अंमल दुसऱ्या महायुद्धापासून सुरू झाला. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इटलीतील नेपल्स शहरी टायफसची साथ उसळली असता दहा लाखांहून अधिक माणसांच्या कपड्यांत डीडीटीची भुकटी फुंकून ती आटोक्यात आणली गेली, आणि त्या द्रव्याचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पाउल म्यूलरला १९४८ चे नोबेल मिळाले. मुंबई इलाख्यात त्याच दशकाच्या उत्तरार्धात, कानडा आणि धारवाड या जिल्ह्यांपासून आरंभ करून, हिवतापाविरुद्ध घरोघर डीडीटीची फवारणी झाली. डास मेले, ढेकूणही काही काळ मेले, आणि भिंतीवर मारतात ते डोक्यावर का नको, असा सरळ विचार लोकांनी केला. डीडीटीची आणि तिच्या मागोमाग आलेल्या गॅमेक्झिनची भुकटी किराणा दुकानातल्या पुडीतून मुलींच्या केसांत गेली. कित्येक आयांनी ती घट्ट फडक्याखाली रात्रभर ठेवली. गॅमेक्झिनातले मुख्य द्रव्य लिंडेन. ते मेंदूवर आघात करते आणि लहान देहावर अधिक. पुढे औषध म्हणून त्याचे मोजके पातळ द्रावण डॉक्टर देत, पण ते आणि शेतावरची भुकटी यांतला भेद सर्वांना कोठून कळणार? भारत सरकारने लिंडेनच्या उत्पादनावर २०११ मध्ये आणि वापरावर २०१३ पासून बंदी घातली. तोवर उवांनीही आपला बंदोबस्त करून ठेवला होता. जगभर ठिकठिकाणी त्या डीडीटीला दाद देईनाशा झाल्या, आणि नंतर आलेल्या परमेथ्रिनलाही. जे विष पिढीतल्या बहुतेकींना मारते ते न मरणाऱ्या थोडक्यांना वंश वाढवायला मोकळे रान देते.

फणीला मात्र कोणतीही ऊ सरावत नाही. आणि येथे त्या तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या बैठकीचे शास्त्र सांगितले पाहिजे. लीख फुटायला सात ते दहा दिवस लागतात, बाहेर पडलेल्या पिलाला अंडी घालण्याइतके वाढायला आणखी सुमारे तितकेच; म्हणून एकदा कसून विंचरून थांबले तर फणीतून निसटलेल्या लिखा आठवड्याने पुन्हा डोके भरतात, आणि दर तीन-चार दिवसांनी निदान दोन आठवडे विंचरत राहिले तर प्रत्येक नवे पिल्लू अंडी घालण्यापूर्वीच सापडते. केस ओले करून त्यांना भरपूर तेल किंवा आजकालचे कंडिशनर लावायचे, आधी मोठ्या कंगव्याने गुंता काढायचा, मग घट्ट दातांची, शक्यतो पोलादी, फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढायची, दर ओढीला पांढऱ्या कागदावर पुसायची, आणि घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी पाहायची. टाळूपासून बोटभर दूर सरकलेली पांढरी लीख बहुधा रिकामे टरफल असते. तिच्यासाठी मुलाला रडवण्यात अर्थ नाही. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत उपाशी मरते, तेव्हा गाद्या जाळण्याचा आणि घरभर औषध मारण्याचा आटापिटाही व्यर्थ. खाजवून टाळूला पू झाला असेल, किंवा मूल अगदी तान्हे असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. औषध लावायचे झाले तर तेही त्यांनी सांगितलेले, सांगितल्याइतकेच.

ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक प्रयोगात ओल्या केसांवरून पुनःपुन्हा फणी फिरवलेल्या मुलांपैकी ५७ टक्के उवामुक्त झाली आणि दुकानात सहज मिळणारी कीटकनाशके लावलेल्यांपैकी १३ टक्के. लाखीशच्या कारागिराला यात काही नवे वाटले नसते. ५७ हा आकडाही काही शंभर नव्हे, कारण फणी चालवणारा हात कंटाळतो, आणि कंटाळा येऊ नये म्हणूनच बहुधा ती दुपारची रांग आणि त्या गप्पा होत्या. आता माजघर नाही, दुपारही रिकामी नाही. आई कचेरीतून दिवेलागणीनंतर घरी येते आणि ट्यूबलाइटच्या उजेडात मुलीचे डोके पाहायला बसते. मोठ्या शहरांत उवा काढून देण्याचाच धंदा करणारी केंद्रे निघाली आहेत. तेथे उंच खुर्चीवर मुलाला बसवतात, डोक्यावर प्रखर दिवा सोडतात, हातमोजे घातलेली बाई केसांच्या बटा चिमट्यांनी वेगळ्या करून पोलादी फणीने एकेक बट ओढते, फणी पांढऱ्या टिपकागदावर पुसते, पुढच्या खेपेची तारीख नोंदवहीत लिहून देते, आणि जाताना झालेल्या कामाची छापील पावती मिळते.